परतीच्या वाटेवरचे ओझे : शिकाऱ्याच्या सॅकचा इतिहास

१/
अलास्कात सप्टेंबरमध्ये मूसच्या शिकारीला निघालेल्या माणसाच्या पाठीवर तंबू, झोपपिशवी, शिधा, स्टोव्ह असे मिळून साधारण २०-२५ किलो ओझे असते. शिकार साधली, तर त्याच पाठीवरून त्याला सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस बाहेर आणायचे असते. डोंगर चढणाऱ्याची सॅक दिवसागणिक हलकी होत जाते. शिधा संपतो, पाठ मोकळी होते. शिकाऱ्याचे नेमके उलटे आहे. त्याची अवघड वाट परतीची असते. सॅक निवडताना तो चौकट, कमरपट्टा आणि पट्टे ज्या बारकाईने तपासतो, ती बारकाई या उलट्या हिशेबातून आली आहे, आणि तो हिशेब हजारो वर्षे जुना आहे.

२/
मूस हा हरीणकुळातला सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला नर ७०० किलोंच्या घरात जातो. कातडे, आतडी, डोके आणि हाडे वजा जाता खाण्याजोगे मांस साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे उरते. एका खेपेला ४० किलो उचलले, तर ६ खेपा होतात. नदीकाठचा तळ ६ किलोमीटरांवर असेल, तर ६ वेळा भरल्या पाठीने आणि ५ वेळा रित्या पाठीने, एकूण ६६ किलोमीटर चाल. तीही मळलेल्या वाटेवरून नव्हे, तर दलदलीतून, गवताच्या डुगडुगत्या ढेकळांवरून आणि विलोच्या दाट झुडपांतून. मध्येच ऊन तापले तर मांस हाडालगत नासू लागते. रक्ताच्या वासाने ग्रिझली अस्वल येण्याचा धोका प्रत्येक खेपेगणिक वाढतो, तो वेगळाच.

३/
भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकारीचा मार्ग बंद झाला, आणि ते योग्यच झाले. ही कथा मुख्यतः उत्तर अमेरिकेची आणि थोडीशी युरोपची आहे. तरीही हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढणाऱ्या तरुणाच्या कमरेभोवती जो जाड पट्टा आवळलेला असतो, त्याची वंशावळ याच कथेतून जाते.

४/
१९ सप्टेंबर १९९१. ऑस्ट्रिया-इटली सीमेवर, ३,२१० मीटर उंचीवरच्या एका खिंडीजवळ, दोन जर्मन गिरिप्रवाशांना वितळत्या बर्फातून वर आलेला मानवी देह दिसला. आरंभी तो अलीकडच्या एखाद्या अपघातातला वाटला. प्रत्यक्षात तो माणूस ५,००० वर्षांहून अधिक काळ तिथे पडलेला होता. जग त्याला आज 'ओट्झी' म्हणून ओळखते. त्याच्या पोटात आयबेक्स या रानबोकडाचे आणि लाल हरणाचे मांस सापडले. भात्यात १४ बाण होते, त्यांपैकी फक्त २ पूर्ण तयार. आणि तांब्याच्या कुऱ्हाडीजवळ, धनुष्याजवळ पडल्या होत्या हेझल झाडाची इंग्रजी 'यू'सारखी वाकवलेली लांब काठी आणि लार्चच्या दोन आडव्या पट्ट्या.

५/
बहुतेक अभ्यासकांनी त्या लाकडांना पाठीवरच्या ओझ्याची चौकट मानले. काहींना ती बर्फावर चालायच्या पादत्राणाचा भाग वाटते. वाद पूर्ण मिटलेला नाही. चौकट मानली, तर मात्र एक गोष्ट चकित करते. वाकवलेले हलके लाकूड, त्याला आडव्या पट्ट्या, त्यावर दोरीने बांधलेला भार. १९५० सालापर्यंत जगातल्या कोणत्याही शिकाऱ्याने ही वस्तू पाहताक्षणी ओळखली असती.

६/
चौकट हा ओझे वाहण्याचा एक मार्ग. दुसरा मार्ग कपाळाचा. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील अरण्यांत राहणारे इरोक्वा लोक झाडाच्या सालीच्या तंतूंचा रुंद पट्टा विणत. पट्टा कपाळावर, दोन्ही टोके पाठीवरच्या ओझ्याला. त्यातून सरपण येई, शिकार येई, पाळण्याच्या फळीवर बांधलेले मूलही येई. या पट्ट्यांवर रंगवलेल्या मूसच्या केसांचे नाजूक भरतकाम असे. ज्या प्राण्याचे मांस पट्ट्याने वाहायचे, त्याच्याच केसांनी पट्टा सजवायचा, अशी ही रीत. नेपाळचे भारवाहक आजही हेच करतात. त्यांच्या पट्ट्याला 'नाम्लो' म्हणतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एव्हरेस्टच्या वाटेवरचे पुरुष भारवाहक सरासरी आपल्या वजनाच्या ९० टक्क्यांहून अधिक ओझे नेत असल्याचे आढळले.

७/
फर-व्यापारात उतरलेल्या फ्रेंच कॅनेडियन नावाड्यांनी, म्हणजे 'व्हॉयाजर' लोकांनी, हा कपाळपट्टा मूळ रहिवाशांकडून घेतला. फरचे गठ्ठे ९० पौंडांचे, म्हणजे सुमारे ४१ किलोंचे बांधत. जिथे नदीला धबधबा आडवा येई तिथे नाव आणि माल खांद्यावरून न्यावा लागे, आणि प्रथा अशी की एका माणसाने एका वेळी दोन गठ्ठे उचलायचे. सुपीरियर सरोवराजवळचा 'ग्रँड पोर्टेज' हा असा एक टप्पा साडेआठ मैलांचा, म्हणजे जवळजवळ १४ किलोमीटरांचा होता. या लोकांत अंतर्गळ हा नित्याचा आजार होता आणि त्याने माणसे मरत. मान आणि कणा ओझे पेलतात, पण त्याचे मोल शरीराच्या दुसऱ्याच भागातून वसूल होते, हे वैद्यकाने सांगण्याआधी त्या वाटांनी सांगितले होते.

८/
सरोवराच्याच काठी, मिनेसोटातील डुलुथ गावात, कमील प्वारिए नावाचा फ्रेंच कॅनेडियन चांभार होता. १८८२ साली त्याने कॅनव्हासच्या एका चौकोनी पिशवीचे पेटंट घेतले. कपाळपट्टा त्याने ठेवला, पण जोडीला दोन खांदेपट्टे आणि छातीवरचा पट्टा दिला. शिवाय सावलीसाठी छत्री खोवायची सोयही! पिशवीला चौकट मुळीच नव्हती, आणि त्यामागे कारण होते. ही पिशवी नावेत ठेवायची होती. नावेच्या गोल पोटात कडक चौकट बसत नाही. १९११ मध्ये प्वारिएने हा उद्योग विकला. पिशवी मात्र आजही शिवली जाते, आणि नावेने शिकारीला जाणारे आजही ती घेतात. सॅकचा विचार वाटेपासून आणि वाहनापासून सुरू होतो, याचे हे जुने उदाहरण.

९/
न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरांत तिसराच प्रकार रुजला, तो विणलेल्या टोपलीचा. काळ्या अॅश झाडाचा ओंडका घणाने ठोकला की वर्षवलयांच्या पातळ पट्ट्या सुटतात. अबेनाकी आणि मोहॉक कारागीर त्यांतून पाठीला बसणारी टोपली विणत. लोखंडी सापळे तीत ठेवले तर पाठीला टोचत नाहीत. याच डोंगरांत भटकलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्सने, 'नेसमुक' या टोपणनावाने, १८८४ साली 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक लिहून उलटा उपदेश केला : ओझेच कमी करा. त्याचे स्वतःचे सगळे सामान, चिमुकल्या नावेसकट, २६ पौंडांत, म्हणजे १२ किलोंत बसे. हलक्या प्रवासाचा आजचा पंथ त्याला पूर्वज मानतो. पण नेसमुक चणीने किरकोळ, बहुधा एकटा आणि पुष्कळदा मासे धरणारा होता. त्याच्या हिशेबात २२५ किलोंचा मूस नव्हता.

१०/
मग मोठ्या प्राण्यांचे मांस त्या काळी वाहत कोण होते? पुष्कळदा कोणीच नाही. १८७० च्या दशकात मैदानी प्रदेशातल्या गव्यांची, म्हणजे अमेरिकन बायसनांची, कत्तल कातड्यांसाठी झाली. कातडे आणि फार तर जीभ नेली जाई. बाकीचे प्रेत माळावर सडे. विल्यम हॉर्नडे याने १८८९ साली केलेल्या गणनेत मोकळे आणि बंदिस्त मिळून १,०९१ बायसन उरले होते. अगणित कळपांचा शेवट चार आकडी संख्येत झाला.

११/
या नासाडीची प्रतिक्रिया शिकाऱ्यांच्याच वर्गातून उठली. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 'बून अँड क्रॉकेट क्लब' काढला. १९०० च्या 'लेसी कायद्या'ने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याबाहेर वाहतूक हा संघराज्याचा गुन्हा ठरवला. रानटी मांसाचा बाजार हळूहळू बंद झाला. या चळवळीत श्रीमंतांचा स्वार्थ होता, मूळ रहिवाशांच्या हक्कांबद्दल बेफिकिरीही होती. ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिचा एक परिणाम थेट पाठीवर येऊन पडला. मारले, तर मांस घरी आणा, ही अपेक्षा आधी शिष्टाचार बनली आणि पुढे कायदा.

१२/
दरम्यान नॉर्वेत ओले बर्गन नावाच्या संशोधकाची गोष्ट घडत होती. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की १९०८ साली शिकारीहून परतताना पाठीवरची मऊ पिशवी त्याला छळू लागली. त्याने जुनिपरची एक फांदी पाठीच्या बाकानुसार वाकवून पिशवीला बांधली आणि भार सावरला. कथेतला तपशील किती खरा, हे सोडून देऊ. १९०९ चे पेटंट खरे आहे, आणि पाठीच्या बाकाप्रमाणे वळवलेली धातूची चौकट हीच त्याची देणगी. ब्रिटिश सैनिक आपल्या मोठ्या पाठपिशवीला आजही 'बर्गन' म्हणतात. बहुतेकांना हे एका माणसाचे आडनाव आहे याचा पत्ताही नसतो.

१३/
आता अलास्का, १९२०. लॉइड नेल्सन हा वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन या नौदलाच्या गोदीच्या गावचा माणूस त्या उन्हाळ्यात अलास्कात फिरत होता. सामान वाहण्यासाठी एका स्थानिक आदिवासी माणसाने त्याला आपली चौकट उसनी दिली : लाकडी काठ्या आणि त्यांवर ताणलेले सीलचे कातडे. नेल्सनला ती पाठीला बोचली, पण तिचा विचार त्याच्या मनात बसला. घरी येऊन त्याने तो सुधारला. दोन उभ्या लाकडी दांड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि कातड्याऐवजी मागून दोरीने घट्ट ताणलेले कॅनव्हास. लाकूड पाठीला लागत नाही, फक्त ताणलेले कापड लागते, आणि मधून वारा खेळतो.

१४/
१९२४ साली त्याला पेटंट मिळाले. वस्तूचे नाव : 'ट्रॅपर नेल्सन्स इंडियन पॅक बोर्ड'. या नावात एक खंत दडलेली आहे. 'इंडियन' शब्द विक्रीसाठी छापला गेला. ज्याने चौकट उसनी दिली त्याचे नाव कुठल्याही कागदावर नाही. इरोक्वा विणकर, अॅश ठोकणारे अबेनाकी, सीलचे कातडे ताणणारा तो अलास्कन. सॅकच्या इतिहासात कल्पना बहुधा एका बाजूची आणि पेटंट दुसऱ्या बाजूचे, असे पुन्हा पुन्हा दिसते. नेल्सनने निदान मूळ लपवले नाही. पण कबुली देणे वेगळे आणि वाटा देणे वेगळे.

१५/
शिकाऱ्यांना नेल्सनच्या चौकटीत भावली ती वेगळीच गोष्ट. तिची पिशवी कायमची शिवलेली नव्हती. दोन्ही बाजूंना लाकडात बसवलेल्या आकड्यांतून लांब तार ओवलेली असे. तार ओढली की पिशवी सुटून हातात येई आणि उघडी चौकट उरे. त्या चौकटीवर हरणाची अख्खी मांडी दोरीने आवळता येई. जाताना सॅक, येताना मांस वाहायचा पाट. १९२९ पासून सिएटलच्या ट्रेगर यांनी हे उत्पादन हाती घेतले आणि पुढली कित्येक दशके वनरक्षक, बालवीर, खाणशोधक आणि शिकारी या सर्वांच्या पाठीवर ते दिसत राहिले.

१६/
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने हीच कल्पना प्लायवूडमध्ये ओतली. उखळी तोफांचे गोळे, पाण्याचे डबे, बिनतारी यंत्रे, जे बांधाल ते चढवा. युद्ध संपल्यावर हे पाट कवडीमोलाने बाजारात आले आणि १९५० च्या दशकातल्या कित्येक हरणांचा शेवटचा प्रवास सैन्याच्या उरलेल्या प्लायवूडवरून झाला.

१७/
या सगळ्या चौकटींत एक दोष समान होता. भार शेवटी खांद्यांवरच येई. मांस कितीही नीट बांधा, तासाभरात खांदेपट्टे मांसात रुततात, हातांना मुंग्या येतात, श्वास आखडतो. ओट्झीपासून नेल्सनपर्यंत पाच हजार वर्षांत यावर खात्रीचा उपाय म्हणून एक कपाळपट्टाच होता.

१८/
कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेलचा डिक केल्टी हा सुतारकाम जाणणारा आणि युद्धकाळात विमान-उद्योगात काम केलेला गृहस्थ. सिएरा नेवाडातल्या एका भटकंतीत त्याने आणि त्याच्या मित्राने लाकडी चौकटीची खालची टोके आपल्या जीन्सच्या मागच्या खिशांत खोवून पाहिली. खांदे एकाएकी हलके झाले! भार कमरेच्या हाडांवर उतरला होता. थट्टेसारख्या वाटणाऱ्या या प्रयोगातून कमरपट्टा जन्मला, असे केल्टीच्या गोष्टीत नेहमी सांगितले जाते. त्याने विमानांसाठीच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या पाठीच्या बाकानुसार वाकवल्या, वितळजोड दिला, पिशवीला नायलॉन वापरले. १९५२ साली धंदा सुरू झाला. तो गॅरेजमध्ये चौकटी बनवी, पत्नी नीना स्वयंपाकघरात पिशव्या शिवी. पहिल्या वर्षी २४ डॉलरना एक याप्रमाणे २९ सॅक विकल्या गेल्या. १९६३ साली पहिली अमेरिकन तुकडी एव्हरेस्टवर गेली, तेव्हा तिच्या पाठीवर केल्टीच्या सॅक होत्या.

१९/
कमरपट्ट्याचे शास्त्र साधे आहे. खांद्यावरचे वजन कण्यातून, मणक्यांच्या चकत्या दाबत खाली उतरते. कमरेच्या हाडावर टेकवलेले वजन तो सगळा रस्ता टाळून थेट पायांत जाते. अट एकच : चौकट कडक हवी. ती वाकली, तर वजन पुन्हा खांद्यांवर येते. म्हणून मऊ सॅकला जाड कमरपट्टा शिवून उपयोग होत नाही. आजही दुकानात नवख्या ग्राहकाची सर्वाधिक फसगत इथेच होते. पट्ट्याची गादी बोटाने दाबून पाहतो, चौकट कोणी वाकवून पाहत नाही.

२०/
हे तंत्र तयार होत असताना कायद्याने मैदानच बदलले. ३ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'वाइल्डरनेस अॅक्ट'वर सही केली आणि ९१ लाख एकर सरकारी भूमी एका झटक्यात 'अरण्य' म्हणून राखली गेली. तिथे मोटार नाही, मोटारसायकल नाही, यांत्रिक वाहतुकीचे कोणतेच साधन नाही. मृत एल्क ओढायची साधी दोनचाकी हातगाडीसुद्धा नाही! घोडा, खेचर किंवा लामा चालतो. ज्याच्याकडे जनावर नाही त्याच्याकडे फक्त स्वतःची पाठ. राखीव क्षेत्र पुढे ११ कोटी एकरांच्या वर गेले. म्हणजे मोटारींनी भरलेल्या देशात कायद्यानेच असे विशाल प्रदेश निर्माण केले, जिथे ओट्झीचाच मार्ग उरतो.

२१/
दुसरा कायदा मांसाचा. अलास्कात मूस मारणाऱ्याने मानेचे, छातीचे, बरगड्यांचे, पाठीच्या कण्यालगतचे आणि चारही पायांचे गुडघ्यापर्यंतचे खाण्याजोगे मांस बाहेर आणलेच पाहिजे. ते टाकून येणे हा गुन्हा आहे. शिक्षेत दंड आणि तुरुंग दोन्ही येऊ शकतात. काही भागांत तर मांस हाडासकटच आणावे लागते, म्हणजे ओझे आणखी वाढते. बायसनांच्या माळापासून या कलमापर्यंतचे अंतर जेमतेम शंभर वर्षांचे. आता कमकुवत चौकट ही केवळ गैरसोय उरली नाही. चौथ्या खेपेला ती मोडली, तर माणूस गुन्हेगार ठरण्याच्या काठावर येतो.

२२/
१९६७ साली ग्रेग लो याने चौकट सॅकच्या आत लपवली. पाठीला चिकटणारी, तोल न ढळू देणारी ही सॅक गिर्यारोहकांनी डोक्यावर घेतली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बाहेरची चौकट जुनाट ठरली. शिकारी मात्र अडून बसले. अॅल्युमिनियमची उघडी चौकट, खाली काटकोनात बाहेर आलेली छोटी फळी आणि चार दोऱ्या, एवढे त्यांना पुरे होते. भटक्यांच्या दुकानांत त्यांची थट्टा होई. पण त्यांचा प्रश्न रास्त होता : गुंडाळीच्या तोंडाच्या पिशवीत एल्कची मांडी घालायची कुठून, आणि आतले रक्त धुवायचे कसे?

२३/
उत्तर यायला २००० नंतरचा काळ उजाडला. माँटानातील बोझमन गावी डेना ग्लिसन याने २००० साली सहकाऱ्यासह 'मिस्टरी रँच' सुरू केली. सैनिक आणि वणवा विझवणारे यांच्यासाठी सॅक करता करता शिकाऱ्यांची सॅकही घडली. तिच्यात पिशवी चौकटीपासून मागे ढकलता येते. मधल्या फटीत मांसाची पोती बसते, पिशवी तिला वरून दाबून धरते. बाजारात या जागेला 'लोड शेल्फ' म्हणतात आणि आता अनेक उत्पादक ती देतात. चौकटी कार्बन तंतूंच्या झाल्या, टायटॅनियमच्या झाल्या. पण मूळ कल्पना पाहिली, तर नेल्सनची ती ओढायची तार इथे पट्ट्या-बकलांच्या रूपात परत आलेली दिसते.

२४/
म्हणून आज सॅक निवडणारा जाणता शिकारी पहिला प्रश्न लिटरांचा विचारत नाही. ६५ असो वा ११० लिटर, रिकामी असताना ती चपटी आवळता येते का, हे तो पाहतो. कारण टेहळणीच्या दिवसांत पाठीवर दुर्बीण, पाणी आणि एक जाकीट एवढेच असते. मग तो पाठीचे माप घेतो. मान पुढे वाकवल्यावर हाताला लागणारे टपोरे हाड आणि कमरेच्या हाडाची वरची कडा यांमधले अंतर, तेच खरे माप, उंची नव्हे. सहा फुटी माणसाचे धड आखूड असू शकते.

२५/
मग तो वाळूच्या पिशव्या मागतो. २० किलोंवर जवळजवळ प्रत्येक सॅक सुखाची वाटते. ४५ किलोंवर तिचा स्वभाव कळतो : कमरपट्टा घसरतो का, चौकट करकरते का, खांद्यांच्या वरून मागे जाणारे पट्टे ओढल्यावर भार खरोखर पाठीकडे झुकतो का. चौकट खांद्यापेक्षा थोडी उंच नसेल, तर हे पट्टे निव्वळ शोभेचे असतात. सॅकचे स्वतःचे वजन २ ते साडेतीन किलोंच्या दरम्यान असते, आणि जाहिरातींत सगळी झुंज याच दीड किलोसाठी चाललेली असते. मूसच्या एका मांडीचे वजन ४५ किलोंच्या पुढे जाते, तिथे दीड किलो वाचवून चौकट लेचीपेची घेणे हा हिशेबाचा विनोद आहे.

२६/
उरलेले बारकावे अनुभवाचे. कापड गवताला घासून सळसळले तर पन्नास पावलांवरचे हरीण कान टवकारते. म्हणून चकचकीत, कडक कापडापेक्षा मऊ कापड बरे. मांस प्लॅस्टिकमध्ये कोंडत नाहीत, हवा खेळणाऱ्या पातळ कापडी पिशव्यांत घालतात. उष्णता कोंडली की मांस आतून नासते. जड भाग पाठीला टेकून, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. हलके सामान बाहेर. ओझे खाली लोंबले की ते माणसाला मागे खेचते, फार वर गेले की उतारावर तोंडघशी पाडते. कप्पे किती, हा प्रश्न शेवटचा. दुकानात मात्र तोच पहिला दाखवला जातो.

२७/
अलास्काच्या नियमांत एक कलम आहे. जिथे मांस आणणे बंधनकारक आहे, तिथे शिंगे जागेवरून हलवायची ती मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा त्यानंतर, आधी नाही. पाचही खेपा ती शिंगे मारलेल्या जागीच पडून राहतात. सहाव्या खेपेला ती सॅकच्या माथ्यावर चढतात, दोन्ही बाजूंना फाकलेली, माणसाच्या डोक्याहून उंच. मग त्यांना भगव्या रंगाचे फडके गुंडाळायचे असते. कारण झुडपांतून फक्त शिंगे हलताना दिसली, तर पलीकडच्या उतारावर दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याला तो मूस वाटू शकतो.